घरी बांधलेल्या विमानातला उकाडा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः गॅरेजमध्ये आरव्ही मालिकेतलं विमान बांधणाऱ्यांसाठी आहे. ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या या बहुतेक किटांवर डोक्यावरून खांद्यापर्यंत ॲक्रिलिकचा घुमट असतो. दृश्य झकास दिसतं आणि उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. टेक्सस, ॲरिझोना, फ्लोरिडाकडच्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. लाँग-ईझी किंवा ग्लासएअर अशी घरी बांधायची दुसरी विमानं बांधणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

वर गेलं की थंडच असतं ना? मग एवढा खटाटोप कशाला?

वर थंड असतं हे खरं. दर हजार फुटांना साधारण २ अंश सेल्सिअस या हिशोबाने, समुद्रसपाटीच्या विमानतळावर ३८ अंश असतील तर ८,५०० फुटांवर बाहेर २१ च्या आसपास असतील. पण तिथे पोचेपर्यंतची गोष्ट वेगळी. इंजिन सुरू केलं, टॅक्सी केली (म्हणजे विमान जमिनीवरून रनवेपर्यंत नेलं), रनवेच्या तोंडाशी चौथ्या नंबरावर थांबलो, एवढ्यात शर्ट पाठीला चिकटलेला असतो. शिवाय उतरताना पुन्हा हजार फुटांवर यायचंच आहे, आणि डोकं सगळ्यात शांत हवं असतं ते नेमकं तेव्हा. फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या, खाली उतरलंच नाही. अशा दिवशी टॅक्सीवेवरची दहा मिनिटं पुरेशी होतात.

उष्णता नक्की येते कुठून?

सगळ्यात जास्त वरून. दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर दर चौरस मीटरला १,००० वॅटच्या आसपास ऊर्जा पडते. ॲक्रिलिक त्यातला ९० टक्क्यांच्या पुढचा दृश्य प्रकाश आत सोडतं. आतल्या सीट आणि पॅनेल तापून जी उष्णता फेकतात, तिला मात्र ते बाहेर जाऊ देत नाही. दोन सीटच्या विमानात म्हणजे आत एक हीटर लावून बसल्यासारखं झालं.

त्यानंतर पुढून आणि खालून. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्याच्या) पलीकडे एक्झॉस्टमधून ७०० ते ८०० अंशांचा वायू वाहत असतो, आणि काऊलमधून (इंजिनवरच्या आवरणातून) बाहेर पडणारी गरम हवा पोटाखालून पायांच्या खालच्या पत्र्याला घासत जाते. आरव्ही-१० मध्ये दोन सीटमधला बोगदा तापतो ही तर जुनीच तक्रार. उरलेला वाटा माणसांचा, स्वस्थ बसलेल्या प्रत्येकाचा १०० वॅट. रेडिओ आणि स्क्रीनचा त्याहून वेगळा.

दोन्ही व्हेंट (बाहेरची हवा आत सोडणारी तोंडं) सताड उघडे आहेत, तरी वारा लागत नाही. मोठे व्हेंट बसवू का?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर "नको" असंच असतं. हवा आत येत नाही, कारण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नाही. घरात एकच खिडकी उघडून वारा खेळत नाही, समोरचीही उघडावी लागते, इथेही तेच.

याची चाचणी सोपी आहे. क्रूझमध्ये, म्हणजे उंचीवर एका वेगाने सरळ उडताना, एकच व्हेंट उघडा, हात समोर धरून वाऱ्याचा अंदाज घ्या. मग दुसरा उघडा. पहिल्याचा वारा स्पष्ट कमी झाला, तर कॉकपिट फुगलेलं आहे आणि बाहेर जायची वाट तुंबलेली आहे. अशा वेळी तिसरा व्हेंट लावून वजन आणि गळती यांखेरीज काही हाती लागत नाही.

मग बाहेर जायचं भोक कुठे पाडू?

ड्रिल हातात घेण्याआधी हवा सध्या कुठून कुठे जाते ते बघा. घुमटावरून हवा वेगाने जाते, त्यामुळे घुमटाच्या कडांजवळ दाब कमी असतो. स्लायडर कॅनॉपीच्या (मागे सरकणाऱ्या घुमटाच्या) मागच्या स्कर्टमधून, म्हणजे कडेच्या पट्टीखालून, हवा बाहेर ओढली जाते. त्या बदल्यात शेपटीतून, बॅगेज बल्कहेडच्या (सामानाच्या जागेमागच्या पत्र्याच्या आडभिंतीच्या) फटीतून, एलेरॉनच्या पुशरॉडच्या (पंखांवरच्या हलत्या झापडांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या) भोकांतून दुसरी हवा आत येते. खूप जणांना मानेमागून वारा लागतो तो हाच. म्हणजे शेपटीतून हवा बाहेर जाईल असं गृहीत धरून बल्कहेडला भोकं पाडली, तर ती उलटी आत येणारच नाही याची खात्री नाही.

लोकरीचे बोटभर तुकडे घ्या आणि बल्कहेडच्या फटी, पुशरॉडची भोकं, कॅनॉपीची कड अशा जागी चिकटपट्टीने लावा. एक उड्डाण करा आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला व्हेंट उघडे असताना व बंद असताना फोटो काढायला सांगा. कुठला तुकडा आत वळतो, कुठला बाहेर, हे कळलं की निम्मं काम झालं. फटी शोधायला आणखी एक जुना उपाय आहे. रात्री हँगरचे दिवे घालवा, कॉकपिटमध्ये एक प्रखर दिवा ठेवा आणि बाहेरून फेरी मारा. जिथून उजेड दिसतो तिथून हवाही जाते.

बाहेर जायच्या वाटेला स्वतःचं ओढणारं तोंड हवं. कॉकपिटच्या मागे, बाजूच्या पत्र्यावर, मागे तोंड असलेलं छोटं झापड बसवलं तर ते आतून हवा खेचतं. पोटाखाली बसवू नका. काही कारणाने प्रवाह उलटला तर एक्झॉस्ट आत येईल, आणि तो खेळ परवडणारा नाही. झापडाचं माप आत येणाऱ्या वाटेपेक्षा लहान नको, किंचित मोठं असू द्या. आत आणायची वाट वाढवण्याआधी बाहेर जायची वाट करा, एवढी एक गोष्ट या पानावरून उचललीत तरी खूप झालं.

किती हवा लागते, याचा काही हिशोब?

ढोबळ हिशोब करता येतो. दोन इंच व्यासाच्या नळीचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटीमीटर. तिच्यातून सेकंदाला १५ मीटर वेगाने हवा आली, तर सेकंदाला ३० लिटर झाली. एवढी हवा एक अंश तापायला साधारण ३३ वॅट खाते. आत १,००० वॅट येत असतील तर एका व्हेंटच्या हवेला ३० अंश तापल्याशिवाय ती बाहेर नेता येणार नाही, दोन व्हेंटना १५ अंश. म्हणजे ८,५०० फुटांवरच्या २१ अंशांच्या हवेनेही कॉकपिट छत्तिशीत राहील.

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. एक, वरून येणारं ऊन अडवणं हे नवा व्हेंट लावण्यापेक्षा फायद्याचं. दोन, हवा पायाशी सोडण्यापेक्षा छाती आणि चेहऱ्यावर सोडा. अख्खं कॉकपिट गार नाही झालं तरी चालेल, घाम वाळला पाहिजे.

नाका डक्ट की बाहेर आलेला स्कूप?

नाका ही नासाची पूर्वज संस्था. पत्र्यात बुडालेल्या या तोंडाचे प्रयोग तिने १९४०च्या दशकात केले आणि १९४५ मध्ये त्यांचा अहवाल आला. फारसा अवरोध न वाढवता हवा मिळते, म्हणून आरव्हीच्या किटमध्ये हाच येतो. पण त्याच्या चालण्यामागे एक बारीक मेख आहे. उताराच्या दोन्ही वक्र कडांवरून हवा आत घरंगळताना भोवरे तयार होतात आणि तेच ताजी हवा आत ओढतात. त्यामुळे त्या कडा धारदार राहिल्या पाहिजेत. रंगकाम करणारे "छान दिसावं" म्हणून त्या घासून गोल करतात आणि डक्ट निम्म्या ताकदीवर येतो. रंग झाल्यावर कडेवरून नख फिरवून बघा. मागच्या ओठाचं उलट आहे, तो गोलसर हवा.

विमानाच्या मागच्या भागात पत्र्यालगतची हवा मंद आणि जाड झालेली असते. तिथे नाका डक्ट उपाशी राहतो. तिथे तोंड हवंच असेल तर थोडा बाहेर आलेला स्कूप बरा.

एक छोटी गंमत : १६० नॉट वेगाने येणारी हवा डक्टमध्ये थांबली की ३ अंशांहून थोडी जास्त तापते. त्यामुळे बाहेरच्या तापमापकापेक्षा व्हेंटची हवा गरम वाटली, तर तुमचा भ्रम नव्हे.

पोटाखाली स्कूप लावला तर? जागा भरपूर आहे.

काऊलच्या तोंडामागे नको. तिथून गरम हवा जाते हे एक, आणि एक्झॉस्टही तिथूनच जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकं दुखायला लागलं की माणूस ते उकाड्यावर ढकलतो. हवेच्या वाटा बदलल्यावर दरवेळी मोजा. ठिपका काळा पडणारी स्वस्त पट्टी मला पटत नाही, कारण उड्डाणात तिच्याकडे बघणार कोण? आकडा दाखवणारा आणि ओरडणारा मीटर घ्या. २०२२ मध्ये एनटीएसबी या अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी संस्थेनेही बंद केबिनच्या पिस्टन विमानांत असा इशारा देणारा मीटर सक्तीचा करावा अशी शिफारस केली. चढताना, क्रूझमध्ये, मंद वेगात, व्हेंट उघडे आणि बंद, अशा सगळ्या स्थितींत आकडा लिहून ठेवा.

उन्हाळ्यातही पायाशी गरम हवा येते. हीटर तर बंद आहे!

फायरवॉलवरचा हीटर व्हॉल्व्ह बंद असूनही गळतो. पॅनेलवरची मूठ पूर्ण आत गेली म्हणजे झापडही पूर्ण मिटलं असं नसतं. केबल लांबीला थोडी चुकीची बसली तर झापड केसभर उघडं राहतं. काऊल काढा, कुणाला तरी मूठ ओढायला सांगा आणि डोळ्यांनी बघा. उन्हाळ्यासाठी हीट मफची (एक्झॉस्टभोवती हवा तापवणाऱ्या आवरणाची) नळी व्हॉल्व्हवरून सोडवून काऊलमध्ये खाली मोकळी बांधली आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला स्टेनलेसचं झाकण लावलं, तर प्रश्नच मिटतो. ऑक्टोबरात परत जोडायचं, आणि तेव्हा मफच्या आतला एक्झॉस्टचा पाइप चिरला नाही ना, तेही बघून घ्यायचं.

फायरवॉलला आतून फोम चिकटवू का?

मला तो प्रकार आवडत नाही. फायरवॉलकडून २,००० फॅरनहाइटच्या ज्वाळेसमोर १५ मिनिटं टिकण्याची अपेक्षा असते. पत्रा टिकेलही, पण त्याच्या मागे चिकटवलेला फोम आणि त्याचा गोंद त्याआधीच धूर सोडायला लागेल, तोही तुमच्या मांडीवर. इन्सुलेशन इंजिनच्या बाजूला करा. सिरॅमिक फायबरची पातळ चादर लावा, तिच्यावर स्टेनलेसचं कागदासारखं पातळ पान, आणि कडा आगरोधक सीलंटने पक्क्या बंद करा. कड उघडी राहिली तर चादर तेल पिते, आणि तेल प्यायलेली चादर म्हणजे वात.

तारा, नळ्या, केबल जिथून आत येतात ती भोकंही याच सीलंटने भरा. तिथून येणारी गरम हवा थोडी वाटते, पण ती थेट नडगीवर येते.

खालच्या पत्र्याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपवर, पत्र्याच्या सर्वात जवळ येतो त्या जागी, स्टेनलेसची छोटी ढाल क्लँपने बसवणं. त्यानंतर आतून गालिच्याखाली थर लावायचा असेल तर ज्वाळा धरणारा नको. बाजारात चंदेरी कागद लावलेला बुडबुड्यांचा प्लास्टिक रोल मिळतो. त्याचा तुकडा हँगरबाहेर नेऊन लायटरने पेटवून बघा, मग ठरवा.

कॅनॉपीला काळी फिल्म लावू का?

गाडीच्या काचेवरची चिकट फिल्म ॲक्रिलिकवर नको. गोंद आणि सॉल्व्हंटमुळे ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, आणि वक्र पृष्ठभागावर ती नीट बसतही नाही. धुरकट रंगाची कॅनॉपी विकत मिळते, पण संध्याकाळी उशिरा उतरायची सवय असेल तर विचार करा.

माझं मत कापडाच्या सरकत्या पडद्याला. डोक्यावरच्या भागापुरता, फिकट रंगाचा, हाताच्या एका झटक्यात मागे जाणारा. समोर आणि बाजूला नजर मोकळी राहिली पाहिजे. विशेषतः विमानतळाच्या वर्तुळात वळताना वरच्या बाजूला दुसरं विमान शोधायचं असतं, तेव्हा पडदा मागेच असावा. विजेच्या भाराने चिकटणारे जाळीदार तुकडेही चालतात, पण ते हवेत सुटून पेडलखाली जातात हे लक्षात ठेवा.

उभ्या विमानाची कॅनॉपी उघडी ठेवली तर हवा खेळेल ना?

खेळेल, पण उघडलेला घुमट उन्हाला भिंगासारखा किंवा अंतर्गोल आरशासारखा धरतो. ग्लायडरवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. उघड्या कॅनॉपीने किरण एका ठिपक्यावर आणून सीट, बेल्ट, पॅनेलची कड जाळल्याच्या घटना तिकडे झालेल्या आहेत. टिप-अप (वर उचलून उघडणारी) कॅनॉपी उन्हात उघडी टाकून चहाला जाऊ नका. पांढरं कापडी आवरण घाला. संमिश्र साहित्याच्या विमानांना तर ते जास्तच गरजेचं. विमानांचे रचनाकार बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझी आणि लाँग-ईझीचा रंग पांढरा ठेवायला सांगतात तो शोभेसाठी नव्हे, खोलीच्या तापमानाला सुकवलेलं इपॉक्सी उन्हात मऊ पडू नये म्हणून.

टॅक्सी करताना कॅनॉपी उघडी ठेवता येते?

स्लायडर असेल तर मागे सरकवा, प्रॉपेलरचा वारा फुकट आहे. टिप-अप असेल तर थोडी वर अडकवून ठेवायची सोय करता येते. आरव्ही-१०ची दारं किंचित उघडी ठेवून बरेच जण टॅक्सी करतात. धोका एकच : तशीच उड्डाणाला सुटणं. अर्धवट लागलेलं आरव्ही-१०चं दार हवेत उखडून गेल्याचे प्रकार झाले आहेत. चेकलिस्टमध्ये कॅनॉपी दोनदा लिहा, इंजिन तपासणीच्या आधी आणि रनवेवर शिरण्याच्या क्षणी. हवेत उघडलीच तर आधी विमान उडवा, कॅनॉपीशी झटापट नंतर.

बर्फाची पेटी, पंखा आणि पंप : चालतं का हे?

चालतं, आणि पैशाच्या मानाने छान चालतं. थर्माकोलच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत बर्फ आणि पाणी, बुडवलेला छोटा १२ व्होल्ट पंप, गाडीच्या हीटरचा रेडिएटर, त्याच्या मागे पंखा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. वितळलेलं पाणी १५ अंशांपर्यंत तापताना आणखी साठेक घेतं. १० किलो बर्फ म्हणजे तासभर सुमारे १,१०० वॅट. टॅक्सी, चढाई आणि उतरणं एवढ्यापुरता वापरला तर दोन-तीन तासांच्या प्रवासाला पुरतो.

पण १० किलो बर्फ, पेटी आणि रेडिएटर मिळून होणारं वजन बॅगेजमध्ये, म्हणजे मागे, जातं. वजन आणि संतुलनाचा हिशोब करा, पेटी पट्ट्यांनी अशी बांधा की धक्क्यात डोक्यात येणार नाही. झाकण घट्ट हवं. खडबडीत हवेत सांडलेलं थंड पाणी सीटखालच्या तारांमध्ये गेलं तर एक त्रास सोडवून दुसरा ओढवला.

ड्राय आइस मात्र आत अजिबात आणू नका. एका किलोतून अर्ध्या घनमीटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि दोन सीटचं कॉकपिट असतं केवढं!

आणि पाण्याचा कूलर?

नागपूर-अकोल्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरची किंमत सांगायला नको. तत्त्व तेच : एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेतं, बर्फाच्या कितीतरी पट. ॲरिझोनाच्या कोरड्या जूनमध्ये व्हेंटच्या वाटेत ओली जाळी ठेवून हे जमतं. ह्यूस्टन किंवा फ्लोरिडात नाही. तिथली हवा आधीच भिजलेली, वर तुम्ही आणखी दमटपणा घालणार. ओला पंचा मानेवर टाकणं मात्र कोरड्या हवेत कुठेही चालतं. व्हेंटच्या वाऱ्यात तो पंचा जे काम करतो त्याला तोड नाही.

खरा एसी बसवायचा आहे. कितपत शहाणपणाचं?

आरव्ही-१० मध्ये, चार माणसं आणि २६० अश्वशक्तीचं इंजिन असताना, समजू शकतो. आरव्ही-७ मध्ये मी बसवणार नाही. सगळं मिळून वीस-पंचवीस किलो सहज होतात. इंजिनवर पट्ट्याने फिरणारा कॉम्प्रेसर काही अश्वशक्ती खातो, तीही गरम दिवशी, विमान आधीच जड उचलत असताना. म्हणून पूर्ण थ्रॉटलवर कॉम्प्रेसर आपोआप सुटेल असा स्विच लावतात. पायपरच्या जुन्या एसीवाल्या चेरोकींमध्येही पूर्ण थ्रॉटलला एसी सुटण्याची अशीच सोय होती.

विजेवरचा कॉम्प्रेसर आकर्षक वाटतो, पण ६० ॲम्पियरचा अल्टरनेटर १४ व्होल्टवर ८४० वॅटच देतो. त्यातून रेडिओ, दिवे, स्क्रीन गेले की उरतं किती?

पट्ट्याबद्दल एक. लायकमिंग इंजिनात पुढचा पट्टा बदलायचा तर प्रॉपेलर उतरवावा लागतो. म्हणून बांधतानाच एक जादा पट्टा पुलीच्या मागे घालून, कशाला घासणार नाही असा बांधून ठेवतात. एसीचा आणि अल्टरनेटरचा, दोन्ही.

आयपॅड सारखा गरम होऊन बंद पडतो.

ॲपलने त्याची मर्यादा ३५ अंश सभोवतालचं तापमान अशी दिलेली आहे, आणि तुम्ही तो काळ्या पॅनेलवर उन्हात लावला आहे. त्याला व्हेंटच्या तोंडाशी आणा, मागची बाजू मोकळी ठेवा, जाड कव्हर काढा, चार्जिंग थोडं थांबवा. नकाशा फक्त त्याच्यावरच असेल तर दुसरी सोय जवळ ठेवा. पॅनेलच्या मागच्या यंत्रांसाठी ग्लेअरशील्डमध्ये (पॅनेलवरच्या छपरात) छोटा पंखा बसवलात तर तीच गरम हवा काचेवर सोडता येते, पावसाळी सकाळी धुकं घालवायलाही तो कामी येतो.

हे बदल केल्यावर कागदोपत्री काय?

तुम्ही बांधणारे असलात तरी लॉगबुकात नोंद हवी, वजन-संतुलन बदललं तर नवा तक्ता हवा. बदल मोठा ठरला तर विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्सप्रमाणे, म्हणजे त्याच्या उड्डाणाच्या लेखी अटींप्रमाणे, पुन्हा चाचणी टप्प्यात जावं लागतं. एसी बसवणाऱ्यांनी हे आधी वाचावं, नंतर नव्हे.

भारतात बांधलं तर वेगळं काही?

कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांचं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत मांडलं होतं आणि २०१७ मध्ये त्याला डीजीसीएची (भारताच्या विमान वाहतूक नियामकाची) नोंदणी मिळाली, तेव्हापासून हा प्रश्न येतो. ऊन तेच, हिशोब तोच. किनाऱ्यावर पाण्याचा कूलर विसरा, विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत जमेल. नियम मात्र डीजीसीएकडेच विचारा.

सगळं नीट होतं, मध्येच एका व्हेंटचा वारा कमी झाला.

आधी नळी बघा. स्कॅट नळी (हवेची लवचिक नळी) वळणावर चपटी होते किंवा क्लँपमधून सुटते, आणि अर्धी हवा पॅनेलच्या मागे जाते. किटमधला प्लास्टिकचा डक्ट पत्र्यापासून एका कडेला सुटला आहे का तेही चाचपा, कारण प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम उन्हात सारखे ताणले जात नाहीत. दोन्ही ठीक असतील तर टॉर्च घेऊन डक्टमध्ये डोकवा. कुंभारीण माशीला दोन इंची नळी फार आवडते. चिखलाचं घर ती काही दिवसांत उभं करते. विमान उभं असताना तोंडाला फोमचं बूच लावा, त्याला लाल रिबन बांधा, आणि त्याच वेळी पिटो (वेग मोजणारी नळी) आणि इंधनाच्या टाकीचे व्हेंटही तपासा. तिथे घर झालं असेल तर उकाड्याची काळजी मागे पडते.